शरयूमावशींचं निळं कुरण

एखादं फूल तुम्ही शेवटचं नुसतं कधी पाहिलंत? तोडलं नाही, केसात माळलं नाही, देवाला वाहिलं नाही, फोटो काढून कुणाला पाठवलंही नाही. उभं राहून पाहिलं आणि पुढे गेलात, असं कधी झालंय? घाई करू नका. आठवून सांगा.

मलाही हा प्रश्न असाच अचानक विचारला गेला होता. विचारणाऱ्या शरयूमावशी. जागा कोलोरॅडोतल्या आमच्या गावाचा एक पार्किंग लॉट. मावशींच्या हातात चहाचा थर्मास होता आणि नजर माझ्या पायांकडे.

"आणि हे काय घातलंस?"

"सँडल्स. ग्रिप चांगली आहे, मावशी."

"ग्रिप डोंगरावर कळते, दुकानात नाही. व्हॅनमध्ये मागे बुटांची पेटी आहे. तुझ्या मापाचे काढ. मोजे धुतलेले आहेत, नाक मुरडू नको."

ती पेटी आमच्या गावातल्या मराठी मंडळात प्रसिद्ध होती. लोकांची मुलं मोठी झाली, पाय वाढले, की बूट मावशींच्या पेटीत जायचे. पुण्यामुंबईहून नवीन आलेला प्रत्येक इंजिनिअर पहिल्या जूनमध्ये दुसऱ्याच्या बुटांतून डोंगर चढला आहे. मीही चढले. माझ्या वाट्याला आलेल्या बुटांवर डायनासोर होते.

दरवर्षी बर्फ वितळलं की शरयूमावशी मंडळातल्या लोकांना आपल्या जुन्या व्हॅनमधून एका डोंगरातल्या कुरणाकडे न्यायच्या. रानातले आयरिस बघायला. मागून आणखी दोनतीन गाड्या असायच्या, पण खरी सहल मावशींच्या व्हॅनमध्ये असायची. रस्ता संपला की पायवाट लागते, पांढऱ्या खोडांच्या अॅस्पेनमधून वर चढते, आणि मग झाडी एकदम बाजूला होते. समोर सपाट, ओलं कुरण, आणि त्यात निळेजांभळे आयरिस. बागेतले गुबगुबीत आयरिस पाहिले असतील तर ते डोक्यातून काढून टाका. हे सडपातळ. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली ओघळलेल्या, फिकट रंगावर गडद शिरांचं जाळं, आणि खालच्या पाकळीच्या गळ्याशी हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा पट्टा.

"मधमाशीसाठी लँडिंग लाइट आहेत ते," मावशी सांगायच्या. "एअरपोर्टवाल्यांनी यांच्याकडूनच घेतले असतील."

कुणीतरी दरवर्षी विचारायचं, "मावशी, याला मराठीत काय म्हणतात हो?"

"मराठीत याला 'हात लावू नको' म्हणतात."

मावशी मूळच्या नागपूरच्या. नवऱ्यामागे अमेरिकेत आल्या तेव्हा त्यांच्या व्हिसाचा सरळ अर्थ असा होता: तू इथे राहू शकतेस, स्वयंपाक करू शकतेस, मूल वाढवू शकतेस, नोकरी करू शकत नाहीस. शिकलेल्या, धडधाकट बायकांना वर्षानुवर्षं घरात बसवून ठेवणाऱ्या या नियमाला कुणी छळ म्हणत नाही, कारण त्यात मारहाण नसते. मी म्हणते. मावशी मात्र त्या वर्षांबद्दल कधी रडल्या नाहीत. नवरा ऑफिसला आणि मुलगा शाळेत गेला की त्या घरातली जुनी गाडी काढायच्या आणि रस्ता संपेपर्यंत जायच्या. डोंगरातली वळणं त्यांनी अशी शिकून घेतली. एक दिवस रस्ता संपल्यावर त्या उतरून चालू लागल्या आणि ते कुरण सापडलं.

"कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बोलावलं नव्हतं," त्या म्हणायच्या. "या देशात मला पहिल्यांदा वाटलं, आपण कोणाच्या मागे आलो नाही. आपण आपल्या आलो."

काम करायची परवानगी मिळाली तेव्हा मंडळातल्या जाणकारांनी सल्ला दिला: सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स करा. मावशींनी स्कूल बस चालवायचं लायसन्स काढलं. त्या वर्षी मंडळात गणपतीपेक्षा याचीच चर्चा जास्त झाली म्हणे. एका काकूंनी तर तोंडावरच विचारलं, "इंजिनिअरची बायको आणि बस चालवते?"

"हो ना बापा," मावशी म्हणाल्या. "तुमचा मुलगा माझ्याच बसमध्ये असते. तो नीट घरी पोचावा असं वाटते ना तुम्हाले? मग झालं तर."

समतेवर मी पुष्कळ पत्रकं वाचली आहेत. आमचं घर चळवळीतलं, तिथे वर्तमानपत्रापेक्षा पत्रकंच जास्त यायची. पण इतकं नेमकं वाक्य एकातही वाचल्याचं आठवत नाही.

बसमध्ये मुलांवर नजर ठेवायला ड्रायव्हरच्या डोक्यावर लांबलचक आरसा असतो. तसाच एक मावशींनी आपल्या व्हॅनमध्ये बसवून घेतला होता. मागे बसलेले आम्ही, कुणी आर्किटेक्ट, कुणी डिरेक्टर, कुणी ग्रीन कार्डच्या रांगेत म्हातारे होत चाललेले, सगळे त्या आरशात शाळकरी पोरं व्हायचो.

"मागच्या सीटवर बेल्ट लागला नाही. मला सगळं दिसून राहिलं हं."

"मावशी, दोन मिनिटांचा तर रस्ता आहे यार..."

"यार बस चालवत नाही. मी चालवते. बेल्ट."

कुरणाशी पोचल्यावर नियम एकच होता. पाय वाटेवर. कुणाचा पाय गवतात पडला की डोंगर दणाणायचा: "वाटेवर!" त्या आवाजाने एकदा एक अमेरिकन गृहस्थही दचकून वाटेवर आले होते. शब्द कळला नसेल, पण अर्थाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

मला आधी हा अतिरेक वाटला. तसं बोलूनही दाखवलं. मावशींनी मला खाली बसवलं आणि वाटेच्या काठावरची माती दाखवली. बर्फाचं पाणी उतारावरून झिरपत इथे येतं. जूनमध्ये जमीन पचपचीत ओली असते, ऑगस्टमध्ये तीच दगडासारखी कडक. आधी भिजायचं आणि मग वाळायचं, हे आयरिसला मानवतं. त्याचा कंद आल्यासारखा आडवा, मातीच्या अगदी वरच्या थरात असतो. ओल्या मातीवर पाय पडला की माती दाबली जाते आणि कंद चेंगरतो. बीपासून नवीन झाड उगवून त्याला फूल यायला काही वर्षं जातात.

"पण एका पावलाने काय होणार, मावशी?"

"एक पाऊल एकटं नसते बाई. तू टाकलं की मागचा त्यातच टाकते, त्याच्या मागचाही त्यातच. त्याला वाटते, इथून तर लोक जातात. झाली वाट तयार. मग ती कोणी पाडली ते कोणीच सांगू शकत नाही."

आता वेखंडाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मावशी पुऱ्या होत नाहीत.

एका वर्षी सहलीला साताऱ्याच्या एक आजी आल्या होत्या. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत आलेल्या. नातू काही आठवड्यांचा. मुलीनेच आग्रह करून त्यांना आमच्याबरोबर धाडलं होतं, घरात बसून कंटाळल्या होत्या म्हणून. कुरणाशी आजी अगदी शहाण्यासारख्या वागल्या. चहा घेतला, थालीपीठ खाल्लं, "ग्वाड जागा हाय" म्हणाल्या. परतीच्या रस्त्यावर मावशींनी आरशात पाहिलं आणि व्हॅन बाजूला घेऊन थांबवली.

"आज्जी, पिशवीत काय आहे?"

"काय न्हाई."

"आज्जी, मी रोज बसभर पोरं घेऊन फिरते. काय नाही म्हटलं की काहीतरी असते."

आजींनी पिशवी घट्ट धरली. मग ठसक्यात बाहेर काढला एक आडवा, गाठीगाठीचा कंद, माती लागलेला. "वेखंड हाय. पाण्याच्या कडंला वाढतंय, तलवारीसारखी पानं. आमच्या विहिरीपाशी असंच हाय. हिथं दुकानात मिळंना. नातवाच्या घुटीत उगाळून घालणार. त्यात काय एवढं?"

तो कुरणातल्या आयरिसचा कंद होता. आयरिसचा कंद विषारी असतो. मोठ्या माणसालाही तो उलट्या करायला लावतो. तान्ह्या बाळाचं काय झालं असतं त्याचा विचार आजही नको वाटतो. आणि चूक किती साहजिक! पानं तशीच, ओल तशीच, कंद तसाच. अशी चूक करायला आपल्याकडचीच आजी लागते.

मागून कुणीतरी फोनवर माहिती शोधून मोठ्याने वाचायला लागलं. आजींचा चेहरा कडक झाला. "मी इतकी बाळंतपणं काढली. तुमच्या फोनानं किती काढली?"

मावशींनी फोनवाल्याला हाताने गप्प केलं. मागे वळल्या. "आज्जी, वेखंडाचा वास कसा असते?"

"डोस्क्यात जातो. एक कांडी असली तरी डबा घमघमतो."

"मग जरा मोडून बघा. तुमचं नाक सांगते ते खरं."

आजींनी कंद मोडला. हुंगला. परत हुंगला. पदराने पुसून तिसऱ्यांदा हुंगला. मग हळूच म्हणाल्या, "नुसता मातीचा येतोय गं."

"मग?"

"मग न्हाई वेखंड." आणि क्षणभराने, "माझी बाय, बरं झालं थांबिवलंस."

इथे दुसरं कुणीही गोष्ट संपवली असती. मावशींनी व्हॅन परत डोंगराकडे वळवली. सगळे ओरडले, भूक लागली, उशीर झाला. "जिथून काढलं तिथे लावायचं," मावशी म्हणाल्या. मोडलेल्या दोन तुकड्यांतल्या मोठ्याला एक कोवळा कोंब होता. तो आजींनी स्वतःच्या हाताने, वाटेवरूनच वाकून, मातीत बसवला. पुढे साताऱ्याहून दर जूनमध्ये मावशींना व्हिडिओ कॉल यायचा: "माझं वेखंड फुललं का गं?"

मावशी फुलांच्या भक्त होत्या असं समजू नका. भक्ती त्यांना चालत नसे. डोंगराच्या पायथ्याशी एक गायरान होतं, गच्च निळं, रस्त्याला लागून. मंडळाचे अध्यक्ष एकदा म्हणाले, "मावशी, वर कशाला तंगडतोड? इथेच सहल करू. फुलंही जास्त, पार्किंगही आहे."

"ते कुरण आजारी आहे, साहेब," मावशी म्हणाल्या. "गाई आयरिसला तोंड लावत नाही. बाकीचं सगळं गवत खाऊन संपलं, म्हणून हे एकटंच माजून राहिलं. वर बघा, आयरिससोबत शंभर गवतं आहेत. ते निरोगी."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि पार्किंगकडे शेवटचं हळहळून पाहिलं.

मग सायलीचा फोटो आला. सायली आणि रोहन दोघंही पुण्याचे, दोघंही आयटीत, सहलीला आलेले. बाळ होणार होतं, म्हणून ते एका फोटोग्राफरला घेऊन आपले आपण कुरणावर गेले. मोरपंखी पैठणी नेसलेली सायली, पोटावर हात, गुडघ्याएवढ्या निळ्या फुलांच्या अगदी मधोमध. फोटो सुंदर होता. खोटं कशाला बोलू? तिने तो सोशल मीडियावर टाकला, आणि खाली नकाशावरच्या जागेची पिन लावली. मग तो कोलोरॅडोतल्या लपलेल्या जागा दाखवणाऱ्या कुठल्याशा पानाने उचलला. मग दुसऱ्याने. पुढे हिशेब राहिला नाही.

पुढच्या जूनमध्ये आमची व्हॅन पोचली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागल्या होत्या. कुरणात मध्यापर्यंत काळ्या चिखलाच्या वाटा पडल्या होत्या, फांद्या फुटाव्यात तशा. कुणी फुलांवर आडवं होऊन फोटो काढत होतं. वर ड्रोन भुणभुणत होता. आणि हो, एका कोपऱ्यात चटई टाकून आपलेच लोक भेळ खात होते. परक्यांना नावं ठेवण्याची सोय तिथे उरली नव्हती.

मावशी काहीच ओरडल्या नाहीत. ते फार वाईट होतं. परतताना त्यांनी आरशात एकदाही पाहिलं नाही. मागच्या सीटवर कुणाचा बेल्ट लागला नव्हता. आम्ही आपणहून लावले.

पुढच्या शनिवारी मी चुकचुकत त्यांच्या घरी गेले तर मावशी निघायच्या तयारीत. अंगात ड्युटीचं चमकणारं पिवळं जाकीट. हातात ती लाल, अष्टकोनी 'स्टॉप'ची पाटी, मुलांना रस्ता ओलांडून देताना धरतात ती.

"कुठे?"

"कामावर. येतेस?"

पायवाट जिथे कुरणाला भेटते तिथे मावशी उभ्या राहिल्या. कुणी गवताकडे वळलं की पाटी वर. आणि लोक थांबायचे! अमेरिकेत वाढलेला माणूस कितीही मोठा होवो, स्कूल बसची ती लाल पाटी दिसली की त्याचे पाय आपोआप जमिनीला चिकटतात. टॅटूवाले, दाढीवाले, कुत्रेवाले, सगळे निमूट वाटेवर. दुपारी वनखात्याचा एक तरुण अधिकारी आला.

"मॅम, तुम्हाला हे काम कुणी दिलं?"

"मी स्कूल बस चालवते."

"पण इथे बस नाही."

"मुलं आहेत की." मावशींनी कुरणाकडे हात केला. त्यातलं सर्वांत लहान मूल चाळिशीचं असेल.

तो हसला. म्हणाला, तुम्ही लोकांना अडवू शकत नाही, विनंती करू शकता. "विनंतीच करते आहे," मावशी म्हणाल्या, पाटी वर धरूनच. दोन आठवड्यांनी तिथे वनखात्याचा दोर आला आणि एक फलकही.

त्याच काळात एका रविवारी सायली आली. पोटाशी बांधलेलं बाळ, डोळे लाल. "मावशी, मी पोस्ट डिलीट केली. खूप सॉरी. मला खरंच कळलं नाही."

"बरं केलंस. पण आता ती तुझी राहिली नाही. लोकांच्या फोनात आहे." मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. मी वाट पाहत होते, आता फटकारणार. माझ्या मते तिला फटकारायलाच हवं होतं. मावशी म्हणाल्या, "माझे पाय दुखून राहिले. बाळ दे इकडे. ही पाटी धर."

सायलीने पाटी धरली. तिचं पहिलंच गिऱ्हाईक निघालं तिच्या ऑफिसचा मॅनेजर, सहकुटुंब, दोर ओलांडायच्या बेतात. सायली पुटपुटली, "सर, प्लीज, इफ यू डोन्ट माइंड..."

"सर काहून म्हणतेस?" मागून मावशी कडाडल्या. "पाटीवर 'सर' लिहिलंय का? वाच काय लिहिलंय!"

"स्टॉप!" सायली ओरडली. मॅनेजर थांबला. बाळ खदखदून हसलं. उन्हाळाभर सायली दर रविवारी आली.

सप्टेंबरात मंडळाची बैठक झाली. अध्यक्षांनी उत्साहाने सांगितलं की मागणी फार वाढली आहे, पुढच्या वर्षी दोन मोठ्या बस करू.

"सहल बंद," मावशी म्हणाल्या.

"अहो, पण ती तर तुमचीच सहल!"

"म्हणूनच बंद करू शकते. दुसऱ्याची असती तर विनंती केली असती. दोर लावला आहे, पण त्या जमिनीला सुट्टी पाहिजे. आपल्यापासून सुरू करू."

कुणी हसलं, कुणी चिडलं. एक काका म्हणाले, आपण गेलो नाही म्हणून जग थोडंच थांबणार आहे? त्यांचं अख्खं वर्ष त्या एका दिवसाकडे झुकलेलं असायचं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि विषय संपला.

या जूनमध्ये मावशींचा फोन आला. मुलाकडे, दूर दुसऱ्या राज्यात शॉमबर्गला, कायमच्या चालल्या होत्या. व्हॅन विकून टाकली होती. "सहल नाही ही. निरोप आहे. गाडी काढ."

कामाच्या दिवशी सकाळी गेलो. माणसं तुरळक. चिखलाच्या वाटा अजून उघड्या होत्या, तिथे एकही फूल नव्हतं. काठाकाठाने मात्र गवत आत सरकू लागलं होतं. पलीकडे आयरिस वाऱ्यावर डुलत होते, नेहमीसारखे, कुणाचंही देणं न लागल्यासारखे. मावशी दोरापाशी उभ्या राहून बघत होत्या. बराच वेळ.

एक अमेरिकन कुटुंब आलं. त्यातली लहान मुलगी दोराखालून वाकून आत जाणार, एवढ्यात मावशींनी दम भरण्यासाठी श्वास घेतला. आणि त्यांच्या आधी दुसरंच कुणी बोललं. वाटेवरची एक अनोळखी बाई, आमच्याशी किंवा त्या कुटुंबाशी काही संबंध नसलेली. "ऑन द ट्रेल, स्वीटी. त्या फुलांना अंगावर पाय पडलेले आवडत नाहीत."

मुलगी मागे आली. मावशी भरलेल्या छातीने, उघड्या तोंडाने तशाच. मग माझ्याकडे वळून वैतागल्या, "बघ! माझं काम घेऊन टाकलं हिने!" आणि इतक्या जोरात हसल्या की ती बाई, ती मुलगी, सगळेच हसायला लागले. हसतच त्या उतरू लागल्या. अॅस्पेनच्या सावलीत त्यांची पाठ दिसत राहिली, हसण्याने हलणारी. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला त्यांची शेवटची आठवण तीच हवी होती आणि तीच मिळाली.

आता मंडळातल्या नव्या लोकांचे मला मेसेज येतात: मावशी शॉमबर्गला गेल्या, जागा तुला माहीत आहे, पिन पाठव ना. मी पाठवत नाही. लोक मला ताठ म्हणतात. म्हणू देत.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. हा लेख खाली ठेवा आणि फोन हातात घ्या. तुम्ही टाकलेला एखादा रानातला फोटो शोधा, कुरणाचा, धबधब्याचा, कुठल्याही फुलाचा. फोटो राहू द्या. त्याखालची जागेची पिन काढा. आत्ता काढा.